करंगळीपासून

अर्जवाल्याला या सगळ्यात काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की माणूस वेडा होता. एक टेबल. कचेरीच्या आत, खिडकीशेजारी, डोक्यावर पंखा. दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची. कुलूप लागणारा खण. याच्या बदल्यात सोडायचं होतं ते असं: कचेरीच्या कुंपणाला सुतळीनं बांधलेली छत्री, चार पायांपैकी तीनच जमिनीला टेकणारं स्टूल, आणि उन्हाळ्यात मानेवर उठणारं घामोळं. अठरा वर्षं तो त्या छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होता. असा सौदा शहाण्यातल्या शहाण्यानंही सोडला नसता, आणि अर्जवाला तर स्वतःला चांगलाच शहाणा समजत होता.

त्या देशात भाषा पाच. प्रत्येक भाषेला वाटायचं, बाकीच्या चार म्हणजे घसा बसल्यावर निघणारे आवाज. सरकारी अर्जात मात्र नावं नव्हती, नंबर होते. एक म्हणजे कचेरीची, शाळेची, कोर्टाची. दोन आणि तीन पेठेतल्या दुकानदारांच्या. पाच खाडीकडच्यांची. चार म्हणजे पुलापलीकडून पोट भरायला आलेल्यांची. त्यांची वस्ती खालच्या आळीत. 'घरची भाषा' असा एक रकाना प्रत्येक अर्जात असायचा, आणि त्या रकान्याची गावात एक रीतच पडून गेली होती. अर्जवाला तो विचारायचाच नाही. नाव विचारायचा, वय विचारायचा, घरपट्टी भरली का विचारायचा, आणि त्या रकान्यात गुपचूप 'एक' लिहून कागद पुढं सरकवायचा. एक नंबरचा अर्ज लवकर हलतो हे लहान पोरालाही ठाऊक होतं. ज्याचं त्याला कळत होतं आणि कुणी काही बोलत नव्हतं.

अशा गावात नवे साहेब आले. आवाज इतका मऊ की रागावले तरी वाटावं, तब्येतीची चौकशी चाललीय. आठ दिवसांनी त्यांनी अर्जवाल्याला आत बोलावलं.

"बसा. गेल्या दहा वर्षांचे अर्ज चाळले मी. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"कृपा आहे, साहेब."

"शंभरातले सत्त्याण्णव लोक एक नंबर?"

"हो, साहेब."

"मग बाजारात मला ऐकू येतं ते काय? पाखरं बोलतात?"

अर्जवाला हसला. साहेबही हसले, पण आधी थांबले साहेबच.

"माणसं सोयीचं सांगतात, साहेब."

"आणि तुम्ही सोयीचं लिहिता." साहेबांनी खिडकीकडं पाहिलं. तिथं ते टेबल होतं, पुसून ठेवलेलं. "खरं लिहिणारा माणूस मला आत हवाय. चार नंबरची मुलं किती, हे कळल्याशिवाय चार नंबरची शाळा काढू कुठं? दवाखान्यात त्यांची भाषा जाणणारी बाई नेमू कशी? आईशप्पथ सांगा, त्यांचं भलं व्हावं असं वाटत नाही तुम्हाला?"

आईची शपथ घालायला नको होती. पण ते साहेबांना कुठं माहीत, असं अर्जवाल्याला तेव्हा वाटलं.

कारण अर्जवाल्याची आई चार नंबरची होती.

वरच्या आळीत, घरमालकिणीच्या माडीवरच्या दोन खोल्यांत, तो आईला घेऊन वीस वर्षं राहत होता. आईला ऐकू येत नाही अशी आवई त्यानंच उठवली होती. बहिऱ्या बाईशी बोलायला कोण थांबतं? ती बाहेर मान हलवायची, हसायची, भाजी बोटानं दाखवायची. घरी आलं की खिडकी लावून दोघं आपल्या बोलीत मनसोक्त भांडायची. त्याचं लग्न झालं नव्हतं तेही यामुळंच. सोयरीक म्हटली की दोन्हीकडच्या आया बोलायला बसणार, आणि तिथंच बिंग फुटणार. तेव्हा बायको नाही, सासर नाही. हे सगळं त्यानं 'एक' या आकड्यासाठी आधीच मोजून टाकलं होतं.

आई एका शिलाई दुकानासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर बटणं शिवून द्यायची. पट्टीला बारा. उजवा हात सुई चालवायचा, डावा मांडीवर मोजत राहायचा: आधी करंगळी मुडपायची, मग तिच्याशेजारचं बोट, असं करत अंगठा सगळ्यांत शेवटी. पुलापलीकडं असंच मोजतात, अलीकडचे सगळे अंगठ्यापासून. अर्जवाला लहानपणी विचारायचा, अंगठ्यापासून का नाही? आई म्हणायची, "धाकट्याला आधी, धाकट्या. जेवायला धाकटा आधी, नावेत धाकटा आधी. थोरल्यानं शेवटी बसायचं. बुडाली तर त्याला पोहता येतं." सहा मुलांत हा शेवटचा, आणि हाच एक जगलेला. म्हणून पन्नाशीतही तो तिचा धाकट्याच.

आता खरं लिहायचं म्हणजे खरं कळायला हवं, आणि विचारलं की जो तो 'एक' म्हणणार. इथं अर्जवाल्यानं आपली अक्कल पाजळली. आईला बटणं मोजताना पाहूनच त्याला ती सुचली होती.

"साहेब, माणूस भाव करतो कुठल्याही भाषेत, शिव्याही देतो कुठल्याही. पण मोजायला लागला की ओठांत पाळण्यातलीच भाषा येते. काहीतरी मोजायला द्या. ओठ बघा."

साहेब बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "वा." एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून नव्या ओळखपत्राबरोबर प्रत्येकाला टाचण्यांची एक डबी फुकट मिळू लागली. "मोजून घ्या हं, चाळीस आहेत." फुकटची वस्तू माणूस दोनदा मोजतो. लोक खिडकीशी उभे राहून ओठ हलवत मोजायचे, आत टेबलाशी बसलेला अर्जवाला ऐकायचा आणि रकान्यात आकडा टाकायचा. साहेब मागं उभे. ते ओठांकडं बघत नसत. त्यांची नजर खाली कुठंतरी असायची. अर्जवाल्याला वाटलं, साहेब टाचण्या बघतायत.

सुरुवातीला सगळं गोडच होतं. खालच्या आळीतल्या नळावर चार नंबरच्या लिपीतली पाटी लागली: 'पाणी सकाळी सहा ते आठ.' म्हाताऱ्या बायका ती पाटी बोटानं वाचायच्या आणि रडायच्या. आळीतला कुलूपवाला कचेरीत आला, अर्जवाल्याच्या टेबलाला स्वतःच्या हातानं नवं पितळी कुलूप बसवलं आणि पैसे घेईना.

"घे रे लेखण्या. आमची मोजदाद झाली पहिल्यांदा. आजवर आम्ही होतो की नव्हतो, कुणाला पत्ता?"

"अरे, पण पैसे…"

"शाळा निघाली की दे." जाता जाता तो वाकून हळूच म्हणाला, "म्हातारीला सांभाळ. तीन वर्षांपूर्वी किल्ल्या करून घ्यायला आली होती माझ्याकडं. मोजून घेतल्या तिनं." आणि शिट्टी वाजवत निघून गेला.

अर्जवाल्याला त्या दिवशी पंख्याखाली घाम फुटला. पण कुलूपवाला पोटात ठेवणारा माणूस. धंदाच तो त्याचा.

मग दवाखान्यात चार नंबरची वेगळी खिडकी झाली. भाषा जाणणारी बाई त्या खिडकीत आली नाही, नुसती खिडकी आली, आणि तीही आठवड्यातून दोनदा उघडायची. मग ओळखपत्रांवर आकडा मोठ्या अक्षरांत छापला. दुकानांत लोक 'ते चार नंबरवाले' म्हणू लागले, आधी हसत, मग न हसता. खालच्या आळीतल्यांनी आता ओठ मिटून मोजायला सुरुवात केली होती. अर्जवाल्यानं साहेबांना सांगितलं, आता काही कळेनासं झालंय. साहेब म्हणाले, "असू दे. कळतंय." आणि रकान्यात आकडे पूर्वीसारखेच पडत राहिले. फक्त ते आता साहेब सांगायचे आणि हा लिहायचा.

उन्हाळा सरता सरता आदेश आला. चार नंबरच्या कुटुंबांसाठी नवी वसाहत. कुठं, ते लिहिलेलं नव्हतं. 'त्यांच्या भाषेच्या जोपासनेसाठी' असं मात्र लिहिलं होतं, सुंदर टाइपात. घराची भाषा कुठली हे घरातल्या थोरल्या बाईवरून ठरेल, आणि सगळं घर तिच्यामागं जाईल. नोकरचाकर वेगळे मोजले जातील.

अर्जवाल्यानं हा आदेश स्वतःच्या सुरेख अक्षरात तीन वेळा उतरवून काढला. तिसऱ्या प्रतीच्या वेळी साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

"तुमचं टेबल कायम करायचंय. नियम आहे, आतल्या माणसाच्या घराची पडताळणी मी स्वतः करतो. रविवारी सकाळी येतो. चहा नको."

चार दिवस होते हातात. त्या चार दिवसांत अर्जवाल्यानं आदेशाचा अर्थ आईला सांगितला आणि तिला एक नंबरमध्ये मोजायला शिकवलं. ती बोली तिला कळायची सगळी. वीस वर्षं कान उघडेच होते. पण जीभ वळेना. आठापाशी ती अडखळायची.

"परत. मोठ्यानं."

"अरे, तोंडात खडे धरल्यासारखं होतंय."

"आई, थोरल्या बाईवरून घर जातं. तुझा एक शब्द चुकला तर दोघं ट्रकमध्ये."

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. "दोघं," ती म्हणाली. "आणि नोकर वेगळे मोजतात, असं म्हणालास ना?"

"तुला काय करायचंय नोकरांचं? आठ म्हण."

शनिवारपर्यंत ती चाळीसपर्यंत धडधडीत मोजू लागली, इतकी साफ की खालची घरमालकीणसुद्धा फसावी. जीभ त्यानं घासूनपुसून लख्ख केली. मांडीवरच्या हाताकडं त्याचं लक्षच गेलं नाही. अक्कल विकणाऱ्याच्या घरी बहुधा तीच कमी पडते.

रविवारी साहेब आले. बरोबर एक शिपाई. आणि घरमालकीण, कारण साहेब आपल्या जिन्यावरून वर गेले आणि आपण खाली बसलो, हे तिच्यानं होणं शक्य नव्हतं. तिनं स्वतःच्या दोन खुर्च्या आणल्या आणि दाराशी उभी राहिली.

"साहेब, ही माझी…" अर्जवाल्यानं सुरुवात केली.

"ओळखी मागून." साहेबांनी हात वर केला. "आधी मोजणी. कागद अजून कोराच आहे."

त्यांनी खिडकीतली बटणांची बरणी उचलली, आईच्या पुढ्यात सतरंजीवर ओतली आणि मऊ आवाजात म्हणाले, "वीस काढून द्या, बाई."

"त्यांना ऐकू येत नाही हो," घरमालकीण मदतीला धावली. "फार मोठ्यानं बोलावं लागतं."

पण आईनं मोजायला सुरुवात केली होती. एक. दोन. तीन. शब्द कसे खणखणीत. घरमालकिणीचा आ वासला. वीस वर्षांत तिनं या बाईच्या तोंडून अक्षर ऐकलं नव्हतं. आठ आला आणि न अडखळता गेला. अर्जवाल्यानं सुस्कारा सोडला. बारा. तेरा. त्यानं साहेबांकडं पाहिलं, शाबासकीच्या आशेनं.

साहेब आईच्या ओठांकडं बघत नव्हते. त्यांची नजर तिच्या मांडीवर होती. तिथं डावा हात आपला धंदा करत होता, जसा साठ वर्षं करत आला होता: करंगळी, मग तिच्याशेजारचं बोट, मग मधलं. अंगठा शेवटी.

त्या क्षणी अर्जवाल्याला कळलं की खिडकीशी उभे राहून साहेब इतके महिने कशाकडं बघत होते. आणि हेही कळलं की साहेब त्याच्याही मागं उभे असायचे, आणि अर्जांचे गठ्ठे मोजताना त्याचाही एक हात मोकळाच असायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. यानं तर रोज दाखवला होता, दहा ते पाच.

"वीस," आई म्हणाली, आणि वर पाहिलं. साहेबांच्या नजरेमागून तिची नजर खाली आली, आपल्याच मुठीवर. ती मूठ तिनं घाई न करता उघडली.

साहेबांनी शिपायाकडून कागद घेतला. "छान. आता ओळखी. या तुमच्या कोण?"

अर्जवाल्याचं तोंड उघडलं. त्यातून काही निघण्याआधी आई बोलली, एक नंबरमध्ये, त्याच्यासमोर ती कधी बोलली नव्हती इतकं लांब वाक्य.

"मी कामाला असते इथं, साहेब. पुलापलीकडची मी. भांडी, स्वयंपाक, आणि वेळ उरला की ही बटणं."

खोलीत पंखा नव्हता, म्हणून बरणी परत सरळ ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"राहता इथंच?"

"स्वयंपाकघरात."

"आणि यांची आई?"

"गेली. भली बाई होती. मुलावर फार जीव."

घरमालकिणीनं तोंड उघडलं. तिनं अर्जवाल्याकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं, साहेबांच्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. तिच्या डोक्यात काय काय आलं आणि गेलं ते तीच जाणे. तिच्या भाच्याचा अर्ज कचेरीत सहा महिने पडून होता, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक. तिनं तोंड मिटलं.

"बरं," साहेब म्हणाले. त्यांनी कागद आणि पेन अर्जवाल्यापुढं धरलं. "मग लिहा तुम्हीच. अक्षर सुरेख आहे तुमचं."

'आई' म्हणायला किती वेळ लागतो? पेनचं टोपण काढायला लागतो त्याहून कमीच. अर्जवाल्यानं टोपण काढलं. कुटुंबप्रमुख: स्वतः. इतर माणसं: नाहीत. घरची भाषा: एक. खाली, नोकरांच्या रकान्यात: मोलकरीण, एक. भाषा: चार. अक्षर जराही हललं नाही. साहेबांनी शाई वाळेपर्यंत कागदावर हलकेच फुंकर घातली.

ट्रक गुरुवारी आले, भर उन्हात अकरा वाजता. त्रेचाळीस घरांना कुलपं लागली आणि ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून त्रेचाळीस किल्ल्या अर्जवाल्याच्या टेबलावर जमा झाल्या. कुलूपवाला स्वतःची किल्ली घेऊन शेवटी आला.

"जन्मभर दुसऱ्यांची घरं बंद केली. स्वतःचं दार पहिल्यांदा लावलं, आणि किल्ली ठेवायची तुझ्या खणात." तो थोडा हसला. "कुलूप चांगलं बसवलंय रे मी. उघडायचं नाही कुणाला." मग ट्रककडं बघत म्हणाला, "म्हातारी आमच्यात आलीय. बटणांची बरणी घेऊन. बघू आम्ही तिच्याकडं."

अर्जवाल्याचं काम होतं ट्रकमागं उभं राहून माणसं मोजायचं. आळीतल्यांनी रेटारेटी केली नाही. आधी तान्ही वर दिली, मग चालती पोरं, मग पोरी, मग बाया आणि बापे. म्हातारी माणसं सगळ्यांत शेवटी. एकेक माथा वर जात होता आणि अर्जवाल्याचा डावा हात खिशात होता. त्यानं तो तिथं घट्ट दाबून धरला होता, तरी बोटं आपली मुडपत होती, धाकट्यापासून.

अगदी शेवटी आई चढली. तिला हात द्यायला शिपाई पुढं झाला. तिनं मागं वळून अर्जवाल्याकडं पाहिलं, मोलकरीण मालकाकडं बघते तितकंच, आणि म्हणाली, "दुधाला झाकण घालून ठेवलंय, मालक."

साहेब शेजारी उभे होते. ट्रक पुलाकडं वळले तेव्हा ते म्हणाले, "सोमवारपासून टेबल कायम. पत्र तुम्हीच लिहून घ्या." दोन पावलं गेले आणि थांबले. "एवढ्या उन्हात हात खिशात का हो? गारठलात?"

अर्जवाल्यानं हात बाहेर काढला. साहेबांनी तो नीट पाहिला, मान हलवली आणि गेले. तेव्हापासून साहेब कुणीही असोत, ते सांगतील ते अर्जवाला लिहितो, आणि काय लिहितोय ते वाचत नाही.

तर मोजायचं झालं ते असं. साहेबांना बढती मिळाली आणि ते दुसऱ्या गावी गेले. जाताना पाच नंबरची यादी सुरू करून गेले. घरमालकिणीच्या भाच्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी हलला, आणि तेव्हापासून दर आठवड्याला तिचा कुणी ना कुणी नातलग कचेरीत येतो, रांगेत उभा न राहता. अर्जवाल्याला टेबल मिळालं, पंखा मिळाला, हातांची खुर्ची मिळाली, आणि खणात त्रेचाळीस किल्ल्या मिळाल्या, ज्या न्यायला कुणी आलं नाही. नव्या वसाहतीतून कुणाचं पत्रही आलं नाही. या सगळ्याची किंमत भरली ती दोनशे अकरा माणसांनी, आणि वेगळ्या रकान्यात, एका मोलकरणीनं.